झुबेरचं नववं पान

हर्ण्यात बंदराकडे उतरणाऱ्या मोहल्ल्यात अशी एक गच्ची दाखवा, जिच्यावर झुबेर चढला नाही. अकरा वर्षं तो लोकांच्या डोक्यावरच राहत होता म्हटलं तरी चालेल. सुलेमान शेठने आंजर्ल्याच्या उंच सड्यावर टॉवर उभारून तिथून केळशीपर्यंत बिनतारी इंटरनेट द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून हे काम झुबेरचं. गच्चीवर लोखंडी पाइप ठोकायचा, त्याला जेवणाच्या ताटाएवढी डिश अडकवायची आणि तिचं तोंड खाडीपलीकडच्या टॉवरकडे वळवायचं. सांगायला एवढंच, पण झुबेर ते असं करायचा की जणू ऑपरेशन चाललंय.

आधी तो घरातल्यांना गप्प करायचा. मग लॅपटॉप मांडीवर, एक डोळा बारीक, आणि डिश केसभर इकडे, केसभर तिकडे. मध्येच "हं" म्हणायचा. घरची माणसं त्या "हं"चा अर्थ लावत बसायची. खोक्यातून इंग्रजीत छापलेलं माहितीपत्रक निघायचं, मुंगीएवढ्या अक्षरांचं. ते तो सगळ्यांसमोर चुरगाळून बाजूला टाकायचा. "ह्यात काय नाय. सेटिंग हाताला कळाय लागतं." काम झालं की चहा यायचा आणि तो चहा झुबेर उभ्यानेच प्यायचा. एका हातात कप, दुसऱ्या हातात वायर, नजर दारावर. बसून चहा पिणाऱ्या माणसाला लोक रिकामटेकडा समजतात, असं त्याचं मत होतं.

खरी गोष्ट अशी की ते माहितीपत्रक त्याला वाचता आलं नव्हतं. पहिल्या वर्षी त्याने तीस गच्च्यांवर तीस प्रकारच्या चुका केल्या आणि त्यातून शिकला. हे कोणाला सांगायचं नाही, हे मात्र त्याला शिकवावं लागलं नाही. पण माणूस कामाचा होता, हेही लिहायला हवं. चक्रीवादळात अर्धं हर्णे उघडं पडलं, तेव्हा स्वतःच्या घरावर पत्रा नसताना तो चार दिवस लोकांच्या गच्चीवर होता. कुवेतला, कतारला, मुंबईला असलेल्या पोरांना आपली माणसं जिवंत आहेत हे पहिल्यांदा कळलं ते झुबेरने उभ्या केलेल्या डिशवरून. मोहल्ला ते विसरला नव्हता. झुबेर तर ते कोणाला विसरू देत नव्हता.

असा सगळा थाट चालू असताना वेदिका आली.

वेदिका महिपत धाडवे. वरच्या गावची, भातशेती करणाऱ्या घरातली, रत्नागिरीहून डिप्लोमा करून आलेली. शेठने तिला हर्ण्याच्या ऑफिसात तक्रारींचा फोन घ्यायला बसवलं. दोन वर्षं तिने फोन घेतले आणि प्रत्येक फोनला माणूस नेमकं काय विचारतो ते लिहून ठेवलं. झुबेरला वाटायचं, पोर चित्रं काढत बसते.

मग शेठने नवीन यंत्रं मागवली. ह्यांना लॅपटॉप लागत नव्हता. मोबाइलवर एक ॲप उघडायचं, डिश हळूहळू फिरवायची, टॉवर समोर आला की ॲपवर हिरव्या रेघा वाढतात आणि यंत्र टुंग टुंग वाजतं. झुबेरने पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा त्याला आपला अपमान झाल्यासारखं वाटलं. त्याचं "हं" आता यंत्र करत होतं.

पण यंत्राचंही एक वेळ चाललं असतं. शेठ म्हणाला, "वेदिका, ह्याची मराठीत एक पुस्तिका कर. लोकांनी आपली आपण लावायला हवी. केळशीला एक डिश लावायची तर झुबेरची वाट बघत लोक पंधरा-पंधरा दिवस बसतात."

हे झुबेरच्या समोर म्हणाला. झुबेर टेबलावरची वायर गुंडाळत होता ती गुंडाळत राहिला.

वेदिका वही घेऊन त्याच्या मागे लागली. "झुबेरभाई, पाइप किती उंच? वायर घरात घेताना खाली झोल का ठेवता? मिठाच्या हवेने पिन गंजते तर तुम्ही काय लावता?" झुबेर उत्तरं द्यायचा, पण चिमटीने मीठ टाकावं तशी. प्रत्येक उत्तराबरोबर आपल्या अंगातलं काहीतरी काढून दिल्यासारखं त्याला वाटायचं. वायरीला झोल ठेवायचा म्हणजे पावसाचं पाणी घरात न येता तिथूनच ठिबकतं, हे शोधायला त्याला एक अख्खा पावसाळा आणि जळालेली दोन यंत्रं लागली होती. तिने ते दोन ओळींत लिहिलं, खाली छोटं चित्र काढलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

शेवटी तिने विचारलं, "दिवाळीनंतर मोहल्ल्यातून तक्रारी एकदम वाढतात. मी दोन्ही वर्षांचे फोन मोजलेत. तेव्हा नेमकं काय होतं?"

झुबेरने तिच्याकडे पाहिलं. ह्या पोरीने तेही मोजलं होतं.

"हवा बदलते," तो म्हणाला.

"हवेने डिश हलेल का?"

"तू हर्ण्याची हायस का? इथली हवा तुला काय ठावी?"

तिने काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

आता ती हवा काय होती ते सांगतो. दिवाळीनंतर ऊन खणखणीत पडतं आणि मोहल्ल्यात बोंबील सुकायला लागतात. जबड्यात जबडा अडकवून जोड्या करायच्या आणि ताणून बांधलेल्या दोरीवर टांगायच्या. बंदराजवळ त्यासाठी बांबूचे मांडव असतात, पण घरच्यापुरते सुकवायचे तर गच्ची बरी, कावळ्यामांजरावर लक्ष राहतं. गच्चीवर दोरी बांधायची तर एक टोक पाण्याच्या टाकीच्या खांबाला आणि दुसरं? दुसरं झुबेरने ठोकलेल्या पाइपला. ओल्या बोंबलांचं वजन दोरीवर आलं की पाइप दोन बोटं वाकतो आणि डिश टॉवरवरून सरकून खाडीच्या पाण्याकडे बघत बसते. नेट रडायला लागतं. दोन-तीन दिवसांत बोंबील वाळतात, हलके होतात, पाइप सरळ होतो आणि नेट आपोआप परत येतं. म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. ज्याला लागतो त्याने पहिल्याच दिवशी गच्चीवर जायचं असतं.

झुबेर पहिल्याच दिवशी जायचा. वरचं दार ओढून घ्यायचा, दोरी सोडून कठड्याच्या लोखंडी कडीला बांधायचा, डिश हाताने सरळ करायचा आणि थोडा वेळ नुसता बसून खाली यायचा. "सेटिंग पार गेलं होतं." मग चहा. पुढच्या खेपेला बायका दोरी पुन्हा पाइपालाच बांधायच्या आणि झुबेर कधी बोलला नाही की बांधू नका. का बोलेल?

पुस्तिका छापून आली. बारा पानं. पहिलं वाक्य: "खोका उघडा. आत चार वस्तू आहेत. चारही आहेत ना ते पाहा." पुढे फोटो, बाण, आणि शब्द सगळे घरातले. एका वायरीला तांबडी टोपी लावली होती, तर लिहिलं होतं, "तांबड्या टोपीची वायर तांबड्या भोकात." झुबेरने पहिलं पान उलटलं आणि त्याचा तिळपापड झाला. राग ह्याचा नव्हता की पुस्तिका वाईट होती. चांगली होती. एवढी चांगली की अकरा वर्षांपूर्वी कोणी त्याच्या हातात दिली असती तर तीस गच्च्यांवर त्याची फजिती झाली नसती. ही पोर खुर्चीत बसून ती घेऊन आली होती. पाचव्या पानापर्यंत जाऊन त्याने पुस्तिका मिटली, ती पुन्हा उघडली नाही.

घरी बायकोने, झरीनने, ती उचलली आणि रात्रीच्या भाकऱ्या थापायच्या आधी डिश लावायची पानं वाचून काढली. "किती सोपा हाय हो. हे मी पण लावीन."

"लाव की," झुबेर म्हणाला.

ह्याला चार दिवस झाले नसतील, झरीन माहेरी केळशीला गेली. तिच्या आईकडे डिश लावायचं वचन झुबेरने दोन वर्षांपूर्वी दिलं होतं. "पुढच्या आठवड्यात" म्हणत म्हणत ते तसंच राहिलं होतं. संध्याकाळी त्याच्या मोबाइलवर झरीनचा फोटो आला. कौलांच्या बाजूच्या पडवीवर शिडी, शिडीवर झरीन, ओढणी कमरेला खोचलेली, हातात डिश, तोंडभर हसू. खाली लिहिलेलं: पंचवीस मिनिटं. मग तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला, चित्र काचेसारखं स्वच्छ, आणि म्हातारी म्हणाली, "जावईबापू, तुमची दगदग वाचली हो."

झुबेर दोन दिवस झरीनशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "तुम्हाला आनंद नाय झाला?"

"झाला की."

"त्या वेदिकावर एवढे का जळता तुम्ही? तिने तुमचं काय घेतलं?"

काय घेतलं हे त्याला सांगता आलं असतं तर जळायची वेळच आली नसती. पूर्वी मोहल्ल्यातून जाताना तीन ठिकाणी हाक यायची. आता लोक हात हलवून आपापल्या मोबाइलमध्ये बघत. मशिदीबाहेर कोणीतरी त्याला म्हणालं, "ते पुस्तक मस्त हाय तुमच्या ऑफिसचं," आणि झुबेरला वाटलं, आपल्याला ह्या माणसाने एकदा तरी मस्त म्हटलं होतं का? आठवून पाहिलं. नव्हतं म्हटलं.

एकच आशा होती, ती बोंबलांची.

दिवाळी गेली, ऊन पडलं, दोऱ्या चढल्या. आणि ऑफिसातला फोन वाजायला लागला. झुबेर त्या दिवसांत कारण नसताना ऑफिसात जाऊन उभा राहायचा. वेदिका फोनवर सांगायची, "पान सात बघा, हिरव्या रेघा किती?" पलीकडून उत्तर यायचं, दोन. "हळूहळू फिरवून बघा." लोक फिरवायचे, नेट यायचं. मग तीन दिवसांनी बोंबील वाळले की पाइप सरळ व्हायचा आणि फिरवलेली डिश आता दुसऱ्या बाजूला चुकायची. पुन्हा फोन. वेदिका मोहल्ल्यात जाऊन आली, पण गेली चौथ्या दिवशी, तेव्हा सगळं वाळून सरळ झालेलं. परतली ती घामाने निथळत, आणि खुर्चीत बसून वहीतले आकडे पुन्हा मोजू लागली. झुबेरला त्या दिवशी जेवण गोड लागलं. खोटं कशाला सांगा, दोन घास जास्तच गेले.

शेठ वैतागला. दोघांना समोर बोलावून म्हणाला, "ह्या आठवड्यात हे थांबायला हवं. नाय तर पुस्तिका बंद, ही यंत्रं परत, आणि पहिल्यासारखा झुबेर जाईल घरोघर. वेदिका, मग तुझं इथं काय काम राहतं ते मला बघाय लागेल."

वेदिकाने वही उचलली. बाहेर पडताना ती झुबेरला म्हणाली, "झुबेरभाई, तुम्हाला खरंच काही सुचत नाही?"

"हवा," झुबेर म्हणाला. पण ह्या खेपेला तिच्याकडे न बघता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शेठने त्याला बिल्किसचाचीकडे पाठवलं. बिल्किसचाची मोहल्ल्याच्या खालच्या टोकाला एकटी राहायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा फैझान कुवेतला. त्याला शुक्रवारी सुट्टी, म्हणून जुम्म्याच्या नमाजनंतर त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. चाचीचा आठवडा त्या एका कॉलवर चालायचा.

झुबेर वर गेला. दार ओढून घेतलं. दोरीवर बोंबील लटकलेले, ओले, अंगावर पाणी चमकणारे. पाइप वाकलेला. त्याने दोरी सोडून कडीला बांधली, डिश सरळ केली, सवयीप्रमाणे पाच मिनिटं बसला. समोर बंदरात होड्या लागत होत्या. खाली येऊन म्हणाला, "सेटिंग पार गेलं होतं, चाची."

चाचीने चहाचा कप पुढे केला. झुबेरने तो उभ्यानेच घेतला.

"दोरी कडीला बांधलीस ना?" चाचीने विचारलं.

झुबेरने वर गच्चीच्या दाराकडे पाहिलं.

"घट्ट बांध हां. मागच्या साली सैल बांधलीस ती बोंबील खाली पडले."

"चाची, तुला..."

"तुला काय वाटतं, आमका दिसत नाय? तू दार लावतोस तेव्हा समोरच्या गच्चीवर कोण असतं? सगळ्या मोहल्ल्याला ठावं हाय. किती वर्षं झाली."

चाची जमिनीवर बसून लसूण सोलत होती. तिने हात थांबवला नाही.

"वादळात तू आमच्यासाठी केलंस. आम्ही म्हटलं, करू दे. त्याला बरं वाटतं, त्याचा मान ऱ्हातो. म्हणून दोरी तिथंच बांधतो आम्ही. ती पोर आली होती ना, वेदिका. घरोघर फिरली. मना म्हणाली, चाची, तुम्हाला काय वाटतं, असं का होत असेल? रडवेली झाली होती. मी म्हटलं, मना नाय ठावं. समोरचीने पण तेच सांगितलं. तुझ्यासाठी सगळ्या बायका खोटं बोलल्या त्या दिवशी."

"मग दोरी हलवायची होतीस तू," झुबेर कसंबसं म्हणाला.

"हलवली असती. दोन जुम्मे झाले, नेमके त्याच दिवशी बोंबील ओले, फैझानचं तोंड नीट दिसलं नाय. नुसते चौकोन चौकोन. पण दोरी हलवली नि नेट लागलं, तर ती पोर विचारणार, कसं लागलं? मग काय सांगू?" चाचीने वर पाहिलं. "आता तू सांग, झुबेर. आणखी किती दिवस खोटं बोलायचं आम्ही?"

तेवढ्यात कॉल आला. फैझान पडद्यावर स्वच्छ दिसत होता, दाढी वाढलेली. "झुबेरभाई हायत का तिथं? त्यांना सलाम सांग," तो म्हणाला. चाचीने मोबाइल झुबेरकडे वळवला. "तुम्ही हायत म्हणून आमचं घर दिसतं."

झुबेरने सलाम घेतला की नाही हे त्यालाही आठवत नाही. कप खाली ठेवून तो बाहेर पडला. आपलं एक गुपित आहे, ते फक्त आपल्याला ठाऊक आहे, म्हणून आपण मोठे, असं मानून त्याने अकरा वर्षं काढली होती. आणि ते गुपित सबंध मोहल्ला त्याच्यासाठी सांभाळत होता, घरातलं लहान मूल लपलेलं असताना मोठी माणसं त्याला शोधल्याचं सोंग करतात तसं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑफिसात वेदिका एकटी होती. पुस्तिका समोर उघडी. झुबेर तिच्यासमोर बसला, पहिल्यांदाच बसला, आणि म्हणाला, "लिही."

"काय?"

"बोंबील. दोरी. पाइपला बांधतात."

त्याने सगळं सांगितलं. दार लावून घेतो तेही सांगितलं. वेदिका ऐकत राहिली, तिने एक अक्षरही लिहिलं नाही. मग पुस्तिका त्याच्याकडे फिरवून तिने नववं पान काढलं. झुबेर पाचव्या पानापुढे कधी गेलाच नव्हता. नवव्या पानावर वर ठळक अक्षरांत होतं: "दिवाळीनंतर नेट बिघडलं तर." खाली सगळं पान कोरं. फक्त शेवटी एक ओळ: "याचं उत्तर आमच्या झुबेरभाईंना माहीत आहे. त्यांना फोन करा." आणि त्याचा नंबर.

"मला माहीत होतं तुम्हाला माहीत आहे," वेदिका म्हणाली. "लोकांनी तुम्हाला फोन केला असेल असं मला वाटलं होतं. कोणीच केला नाही का?"

कोणीच केला नव्हता. का केला नव्हता, ते आता झुबेरला समजलं. फोन केला असता तर त्याला गुपित फोडून उत्तर द्यावं लागलं असतं, म्हणून मोहल्ल्याने ऑफिसात केले.

"लिही तू," तो म्हणाला. "माझं अक्षर बरं नाय. पण फोटो माझ्या हाताचा घे."

पुस्तिका पुन्हा छापली. नवव्या पानावर फोटो आहे: कठड्याची कडी, तिला दोरीची गाठ, आणि ती गाठ मारणारा हात. नाव खाली आहे, बारीक अक्षरात. झुबेरला ते थोडं मोठं चाललं असतं.

यंदा दिवाळी झाली, ऊन पडलं, दोऱ्या चढल्या आणि फोन वाजलाच नाही. ऑफिसात नाही, झुबेरच्या खिशातही नाही. एका शुक्रवारी तो मोहल्ल्यातून खाली चालत गेला. एकेका गच्चीकडे मान वर करून बघत होता. सगळ्या दोऱ्या कड्यांना. सगळे पाइप सरळ. काम चोख झालं होतं, त्याच्यासारखा दुसरा कोणी नाही असं म्हणावं एवढं चोख, आणि ते म्हणायला त्याच्याजवळ कोणी येत नव्हतं.

"झुबेर," बिल्किसचाचीने वरून हाक मारली. "वर ये."

तो दोन-दोन पायऱ्या चढून गेला. "काय बिघडलं?"

"काय नाय बिघडलं. चहा झालाय."

चहाबरोबर ताटलीत सांदणं होती, नारळाच्या दुधातली, अजून गरम. इतकी वर्षं ह्या घरात त्याला चहाबरोबर फार तर बेकरीचं बटर मिळालं होतं.

"आज काय हाय?"

"काय नाय. ती वेदिका येते अधूनमधून, ऑफिस सुटलं की. तिला आवडतात, म्हणून जास्तीची केली."

"तिला सांदणं?" तो म्हणाला. "मना तर तू कधी दिली नायस, चाची."

चाचीने त्याच्या हातातल्या कपाकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे. तो दारात उभा होता.

"तू कधी बसलास?" ती म्हणाली.

झुबेरने कप खाली ठेवला आणि चटई ओढून बसला.